मृत्युपत्रातून समाजासाठी दान: सोलापुरातली पार्श्वभूमी

हरीभाई देवकरण प्रशाला, हिराचंद नेमचंद वाचनालय. सोलापुरात दात्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांची यादी लांबवता येईल. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला तेव्हापासून लोकांसाठी काही करून ठेवण्याची रीत या गावाला परकी नाही. तरीही मृत्युपत्रात समाजासाठी रक्कम किंवा घर लिहून ठेवणे ही इथे बरीच अलीकडची गोष्ट आहे. माणसे कंजूष होती म्हणून नव्हे. कायद्याने त्यांचे हात दोन-तीन ठिकाणी बांधलेले होते. ते बंध कसे सुटले हे माहीत असले, की आजच्या मृत्युपत्रात नेमके काय लिहायचे आणि काय टाळायचे हेही समजते.

पहिला बंध हा, की हिंदू धर्मशास्त्रात वारसा आहे, दान आहे, पण मृत्युपत्र नाही. इंग्रजी अमलात ते आधी मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे रुजले आणि मग मुफसलात, म्हणजे या शहरांबाहेरच्या मुलखात, आले. सोलापूरचा किल्ला १८१८ मध्ये कंपनीच्या ताब्यात गेला. त्यानंतर १८२७ चा मुंबई रेग्युलेशन आठ आला. वारस दाखल्यासाठी तो आजही कोर्टात वापरला जातो. १८७० चा हिंदू विल्स अ‍ॅक्ट मात्र बंगालपुरता आणि मुंबई-मद्रास या शहरांपुरता होता. सोलापूर त्याच्या बाहेर राहिले. त्यामुळे इथल्या हिंदूने चार माणसांसमोर तोंडी सांगितलेले मृत्युपत्रही चालत असे. ना सही, ना साक्षीदार. ही मोकळीक १ जानेवारी १९२७ पासून संपली. त्या तारखेपासून लेखी मजकूर, सही आणि दोन साक्षीदार सगळ्याच हिंदूंना आवश्यक झाले. ‘आजोबा सांगून गेले होते’ या वाक्याला हिंदू कुटुंबात कायद्याची किंमत उरली नाही ती तेव्हापासून.

दुसरा बंध याहून घट्ट होता. एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणालाच देता येत नसे. तो मेला की हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे, म्हणजे त्या मिळकतीत जन्माने हक्क असलेल्या कुटुंबीयांकडे, जाई. कर्त्याला हयातीत धर्मकार्यासाठी वाजवी मर्यादेत दान करण्याची मुभा होती, पण मृत्युपत्राने फक्त स्वकष्टार्जित तेवढे देता येई. पेढी, वाडा, शेती सगळे सामाईक असलेल्या घरात स्वकष्टार्जित म्हणजे काय, यावरच निम्मे दावे चालत. हा अडसर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने निघाला. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही सहदायाद झाल्या, म्हणजे आपला हिस्सा किती हे आज लिहिताना त्यांना धरूनच मोजावे लागते. मृत्युपत्र करणाऱ्याने अख्खा वाडा संस्थेला लिहून दिला आणि त्यात त्याचा हिस्सा एक चतुर्थांशच निघाला, तर संस्थेला एक चतुर्थांशच मिळतो. वर भावंडांशी वाटपाचा दावा लढवण्याचे काम तिच्या गळ्यात पडते.

त्या काळात ज्यांना मोठे दान करायचे होते त्यांनी हयातीतच ट्रस्ट करून टाकले. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे याचे चांगले उदाहरण. त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला तेव्हा ३०,००० रुपये जाहीर केले आणि १९४४ मध्ये जवळजवळ २,००,००० रुपयांची आपली सर्व संपत्ती संघाला ट्रस्टरूपाने देऊन टाकली. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे पुढची तेरा वर्षे त्यांचे दान त्यांच्या डोळ्यांसमोर कामाला लागलेले होते. जीवराज जैन ग्रंथमाला त्यातूनच उभी राहिली. हयातीत द्यायची तयारी असेल तर हा मार्ग आजही सर्वात भक्कम आहे. अर्थात सगळे देऊन टाकून राहायचे कुठे आणि खायचे काय, हा प्रश्न विरक्त माणसाला पडत नाही, बाकीच्यांना पडतो. म्हणून मृत्युपत्र.

तिसरा बंध खुद्द ‘धर्म’ या शब्दावर येऊन थांबला होता. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८९९ मध्ये ठरवले, की मिळकत नुसती ‘धर्माला’ देणे संदिग्ध आहे, म्हणून ते दान रद्द. लंडनच्या न्यायाधीशांना त्यात निश्चित हेतू दिसेना, आणि ज्याचा हेतू निश्चित नाही त्या ट्रस्टवर कोर्टाला देखरेख ठेवता येत नाही, असा तर्क होता. इकडे बाजारपेठांत परिस्थिती उलटी होती. व्यवहारामागे काही पैसे धर्मादाय म्हणून कापायचे, त्याचे वहीत वेगळे खाते ठेवायचे आणि त्यातून पाणपोई, गोरक्षण, अन्नदान चालवायचे, हे व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

हा पेच १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने सोडवला. (आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे.) कलम १० सांगते, की लाभार्थी किंवा उद्देश निश्चित नाहीत एवढ्याच कारणाने सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था रद्द होणार नाही, आणि खाली स्पष्टीकरणात धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान हे शब्द नावानिशी घातले आहेत. कलम ५४ ने व्यापारात कापलेल्या धर्मादायाची रक्कम ज्याच्या हाती असेल त्याला विश्वस्त ठरवले. कलम २९ तर थेट मृत्युपत्राबद्दल आहे. मृत्युपत्राने नवी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था निर्माण होत असेल, तर एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या माणसाने) प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळाल्यापासून एक महिन्यात किंवा मृत्यूपासून सहा महिन्यांत, यातले जे आधी येईल त्या मुदतीत, नोंदणीचा अर्ज केला पाहिजे. हिंदूंसाठी प्रोबेटची सक्ती मुंबईसारख्या मोजक्या शहरांशी बांधलेली होती. सोलापुरात केलेल्या आणि इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ती नव्हती. म्हणून इथे व्यवहारात सहा महिन्यांचीच मुदत धरायची, आणि ती मृत्यूच्या दिवसापासून चालू होते, कपाटात मृत्युपत्र सापडल्याच्या दिवसापासून नाही. दान आधीपासून नोंदलेल्या संस्थेला असेल तर हा अर्ज लागत नाही. घर किंवा जागा नावावर आली की संस्थेने ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे नोंदीतला बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो.

कलम १० मुळे ‘चांगल्या कामाला लावावे’ असे लिहिलेले दान आज कदाचित तरेल. तरीही ते कोणी लिहू नये. तरण्याआधी ते कोर्टात जाते, आणि कोर्टात असेपर्यंत वारसही खूष नसतात, संस्थाही नाही.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू बोलणारे समाज शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचे नियम एक नाहीत. मुस्लिम व्यक्तीला अंत्यखर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. त्याहून जास्त द्यायचे तर मृत्यूनंतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती व्यक्तीला पुतण्या किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असेल, तर धर्मादाय दानाचे मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी करून सहा महिन्यांत जमा करावे लागे. भारतीय उत्तराधिकार कायद्याचे ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. जुन्या सल्ल्यावर विसंबून अजूनही कोणी ही अट सांगतो, ती सोडून द्यावी.

‘आपल्या समाजातल्या गरजू मुलांसाठी’ हा इथला सर्वात आवडता उद्देश. त्यात एक आयकराची खोच आहे. १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्याच फायद्यासाठी असेल, तर त्याला उत्पन्नावरची करमाफी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचा ट्रस्ट या बंधनातून वगळला आहे. म्हणून मृत्युपत्राने नवा ट्रस्ट काढायचा असेल तर उद्देशात जातीऐवजी वस्ती, शाळा किंवा व्यवसाय घालणे शहाणपणाचे: ‘यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मुली’ असे लिहिले की मदत पोहोचायची तिथेच पोहोचते आणि करमाफीचे दारही बंद होत नाही. लहान रकमेसाठी मुळात नवा ट्रस्ट काढूच नये. हिशेब तपासणी, बदल अर्ज, विवरणपत्र यांतच व्याज संपते.

चालू संस्थेला द्यायचे तर तिचे नाव बोलीत घेतो तसे न लिहिता नोंदणी दाखल्यावर असेल तसे लिहावे. एका समाजाच्या नावाने शिक्षण संस्था, वसतिगृह, देवस्थान पंच कमिटी, युवक मंडळ अशा चार वेगळ्या नोंदण्या असतात, आणि मृत्युपत्रात नुसते ‘आपल्या समाज ट्रस्टला’ असले तर चौघेही हक्क सांगतात. धर्मादाय कार्यालयातून पीटीआर उतारा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या नोंदवहीतला उतारा, काढावा. त्यावर नोंदणी क्रमांक, उद्देश, विश्वस्तांची नावे असतात. विश्वस्तांमध्ये वाद चालू असेल तर त्याचाही माग तिथेच लागतो. कलम साधारण असे असावे:

‘माझे देणे, अंत्यखर्च व वरील वाटप झाल्यावर उरणाऱ्या सर्व चल मिळकतीपैकी निम्मा भाग … या संस्थेस (नोंदणी क्रमांक ई-…, सोलापूर) कायम निधी म्हणून द्यावा. निधीच्या व्याजातून … या कामावर खर्च करावा. माझ्या मृत्यूसमयी ही संस्था अस्तित्वात नसेल किंवा दान नाकारील तर तेच दान … या संस्थेस त्याच कामासाठी द्यावे.’

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेला आहे. ठरावीक आकड्याऐवजी भाग लिहिला, कारण शेवटच्या आजारपणात शिल्लक घटते. वीस लाखांतून पाच लाख द्यायचे ठरवलेले असते आणि उरतात सहा. ठेवीचा पावती क्रमांक टाकला नाही, कारण मुदत संपून नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो आणि ‘मृत्युपत्रातली वस्तूच आता नाही, म्हणून दानही नाही’ असा मुद्दा वारसाचा वकील हमखास काढतो. ‘कायम निधी’ हे शब्द नसतील तर रक्कम चालू खर्चात, बहुधा रंगरंगोटीत, जाते. पर्यायी संस्था नसेल तर धर्मादाय आयुक्तांमार्फत कोर्टाकडून जवळचा उद्देश ठरवून घेण्याची लांब वाट उरते.

अट घालताना गणित करावे. पाच लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० रुपये येतात. त्यात ‘दरवर्षी पाच मुलींची पूर्ण फी’ बसत नाही. ‘व्याजात बसेल तितक्या’ असे लिहावे, आणि व्याजाचा काही भाग, निदान पाचवा हिस्सा, मुद्दलात मिळवायला सांगावे, नाहीतर वीस वर्षांत शिष्यवृत्तीची रक्कम हार-तुऱ्याच्या खर्चाएवढी होते. सुवर्णपदकाची अट तर टाळावीच. सोन्याचा भाव कोणाच्या व्याजदराला विचारून वाढत नाही.

जिल्ह्यात सर्वात जास्त घोळ शेतजमिनीचा होतो. १९४८ च्या कुळकायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर बंदी आहे, आणि मृत्युपत्राने दिली तरी ही बंदी लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितले. मूळ कायदा तोच. त्यामुळे ‘गट क्रमांक अमुक, दोन एकर, शाळेला’ असे लिहिलेले दान फेरफारालाच अडकते. त्याऐवजी एक्झिक्युटरने ती जमीन शेतकरी खरेदीदाराला विकून येणारी रक्कम संस्थेला द्यावी, असा स्पष्ट अधिकार लिहावा. जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा देवस्थान इनामाची असेल तर आधी सातबारा वकिलाला दाखवावा. तिथे विक्रीलाच पूर्वपरवानगी किंवा थेट बंदी आडवी येते. शहरातल्या घराचे तसे नाही. सिटी सर्व्हे नंबर, मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि महापालिकेचा मिळकत क्रमांक तिन्ही लिहिले की पुरते. मात्र एकदा घर ट्रस्टचे झाले, की कलम ३६ मुळे ते धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पडका वाडा देऊन संस्थेवर दुरुस्ती लादण्यापेक्षा विकून पैसे देण्याची मुभा ठेवणे बरे.

नॉमिनीचाही मेळ घालावा. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण तो मालक होत नाही. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले. तरी मृत्युपत्रात संस्था आणि ठेवीवर पुतण्या असे असेल, तर त्याच्याकडून पैसे परत मिळवण्यात वर्षे जातात. एक्झिक्युटरलाच नॉमिनी केले की ही कटकट बरीच कमी होते.

सही-साक्षीचे काम अर्ध्या तासाचे, पण मृत्युपत्र पडते ते बहुतेक इथेच. दोन्ही साक्षीदारांनी सही होताना पाहिलेली असावी आणि मग करणाऱ्याच्या समक्ष स्वतः सही करावी. मृत्युपत्र सिद्ध करताना निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो, म्हणून ते वयाने लहान आणि गावातले निवडावेत. दोन्ही मित्र ऐंशीचे असले तर पंचाईत होते. लाभ घेणाऱ्या संस्थेचा पदाधिकारी साक्षीदार नको, मजकूर लिहून देणाराही नको. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्यावरून दान रद्द होत नाही, पण संशयाला जागा मिळते. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेले दानच रद्द होते. वय झाले असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे. बायको-मुलांना काय दिले आणि का दिले, हे दोन ओळींत लिहावे. अवलंबून असलेल्यांची पोटगीची सोय न करता सगळे दान केले तर ते मिळकतीवर हक्क सांगू शकतात.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावे, किंवा बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. नोंदवलेले मृत्युपत्रही पुढे केव्हाही बदलता येते, शेवटचे तेच खरे. मूळ प्रत स्वतःच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नये. मृत्यूनंतर लॉकर उघडायला बँक कागद मागते आणि तो कागद लॉकरमध्येच असतो. एक प्रत एक्झिक्युटरकडे द्यावी आणि संस्थेला निदान एवढे पत्र पाठवावे, की तुमचे नाव घातले आहे व मूळ प्रत अमक्याकडे आहे.