आधी कादंबरी, मग बँड

अमेरिकेतल्या मुस्लिम पंक-रॉकचा, म्हणजे कर्कश, बंडखोर रॉक संगीताचा जन्म एका काल्पनिक कथेतून झाला. किशोरवयात इस्लाम स्वीकारलेल्या मायकल मुहम्मद नाइट या तरुणाने बफलो शहरातल्या एका घराची कादंबरी लिहिली. त्या घरात नमाजही होतो आणि कर्कश गिटारही वाजते. असे बँड तेव्हा नव्हतेच. २००३ च्या सुमारास त्याने तिच्या झेरॉक्स प्रती स्वतःच वाटल्या. वाचणाऱ्या काही पोरांना वाटलं, हे तर आपणच! ‘तक्वा’ म्हणजे ईश्वराचं भान. त्याला ‘हार्डकोअर’ या पंकच्या अधिक आक्रमक प्रकाराची शेपटी जोडून कादंबरीने ‘तक्वाकोर’ हे नाव दिलं होतं. ते खऱ्या बँडना चिकटलं.

बॉस्टनचा ‘द कोमिनाज’ हा त्यातला सर्वांत गाजलेला. नावात ‘कमीना’ आहे, हे आपल्याला सांगायला नको. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळावर संशयाने पाहिली गेलेली ही पिढी. त्यांनी त्या संशयाचीच टवाळी गाण्यांत केली. अमेरिकेत शरिया आणण्याची धमकी देणारं त्यांचं गाणं म्हणजे घाबरणाऱ्यांना दाखवलेला बागुलबुवा.

पण राग एकाच दिशेने नव्हता. २००७ मध्ये हे बँड एका जुन्या स्कूलबसमधून दौऱ्यावर निघाले आणि शिकागोजवळ ‘इस्लामिक सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका’च्या अधिवेशनात जाऊन वाजवू लागले. त्यांच्यातलाच व्हँकुव्हरचा ‘सीक्रेट ट्रायल फाइव्ह’ हा मुलींचा बँड. सुरक्षेच्या नावाखाली कॅनडात डांबलेल्या पाच मुस्लिम पुरुषांवरून त्यांनी नाव घेतलेलं. स्टेजवर बाईने गाणं आयोजकांना चालणारं नव्हतं. पोलिस आले, कार्यक्रम संपला. सरकारविरुद्ध नाव घेणाऱ्या मुलींना बाहेर काढलं ते घरच्यांनीच.

हे समजून घ्यायला कॅनडाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग उपयोगी पडतात. त्यांचं म्हणणं असं: दगडाला ग्रॅनाइट म्हटलं तरी दगडाला फरक पडत नाही, माणसाला मात्र आपल्यावर लावलेलं लेबल कळतं. तो ते स्वीकारतो, झिडकारतो, वाकवतो, आणि त्यामुळे लेबलाचा अर्थही बदलतो. या फेऱ्याला त्यांनी ‘लूपिंग’ म्हटलं.

ब्रिटनमध्ये हा फेरा लख्ख दिसतो. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या पाकिस्तानी कुटुंबातल्या मुलाला रस्त्यावर शिवी मिळायची ती वंशाची, आणि प्रतिकाराच्या संघटनाही ‘एशियन यूथ’ नावाने उभ्या राहत. सलमान रश्दींच्या कादंबरीवरून १९८९ मध्ये पेटलेल्या वादानंतर तोच मुलगा ‘मुस्लिम’ ठरू लागला. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न आला तो २००१ मध्ये. मधल्या काळात, १९९१ साली, ब्रॅडफर्डच्या अकी नवाजने ‘फन-दा-मेंटल’ उभा केला. विरोधकांनी दिलेली ‘फंडामेंटलिस्ट’ (मूलतत्त्ववादी) ही शिवी त्याने बँडच्या पाटीवरच लावली. गाण्यांत हिप-हॉपच्या ठेक्यावर अमेरिकेतला कृष्णवर्णीय मुस्लिम नेता माल्कम एक्सचा आवाज घातला. लंडनच्या वृत्तपत्रांना ते पचणं कठीणच होतं.

माझ्या मते हॅकिंग यांच्या सिद्धान्ताचा खरा कस लागतो तो यापुढे. पत्रकार आणि प्राध्यापक ‘तक्वाकोर’वर तुटून पडले, माहितीपट आला, आणि बरेच बँड त्या नावापासून दूर सरकू लागले. प्रत्येक मुलाखतीत सूर-ठेक्याआधी इस्लामचा प्रश्न! कोमिनाजच्या गाण्यांत पंजाबीही आहे, भांगडाही आणि अमेरिकन उपनगरातला कंटाळाही. त्यांना ‘मुस्लिम संगीत’ या रकान्यात बसवून प्रश्नावली पाठवणारा संशोधकही त्याच फेऱ्यातला एक.