मुंबईत 'एक्सक्यूज मी' आलं कुठून

मुंबईत कोणाला काही विचारायचं असलं की तोंडातून आधी 'एक्सक्यूज मी' बाहेर पडतं, ऑफिसात 'एक क्विक क्वेश्चन होता', फोनवर 'सॉरी टू डिस्टर्ब'. बरेच जण म्हणतात हे नुसतं शाइन मारणं आहे, मला ते अजिबात पटत नाही, याची मुळं बरीच जुनी आहेत.

इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याचं टिपण 1835 चं, मुंबई विद्यापीठ 1857 चं, तेव्हापासून हायकोर्ट, बँका, फोर्टातली ऑफिसं यांचा वरचा कारभार इंग्रजीत, पण ते शिकलेल्या थोड्या लोकांपुरतं होतं. घराघरात ही वाक्यं पोचवली ती शाळेने. वर्गाच्या दारात उभं राहून 'मेआयकमिनटीचर' असं एका दमात म्हणायचं, मराठी मीडियमला पण, बाकी इंग्रजी येवो न येवो. आधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 साली पहिलीपासून झालं. परवानगी मागायची ती इंग्रजीत ही सवय तिथेच लागली.

पण माझ्या मते खरं कारण लोकल. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली, मग गिरण्या आल्या, गोदी वाढली, आणि कोकणातले, घाटावरचे, गुजराती, पारशी, दक्षिणेतले, उत्तरेतले सगळे एकाच डब्यात आले. गावाला विचारणं सोपं, 'काय हो पाटील', 'ओ मावशी', नातं आधीच ठरलेलं असतं. इथे समोरच्याला मराठी येतं का हेच माहीत नाही, वयाचा अंदाज येत नाही, अरे म्हणू की अहो कळत नाही, काका म्हटलं तर पस्तिशीतल्या माणसाला राग येतो, आणि बाईमाणसाला अनोळखी पुरुषाला हाक मारायची म्हणजे अजूनच अवघड. 'एक्सक्यूज मी, ही बोरीवली फास्ट ना?' यात यातलं काहीच ठरवावं लागत नाही, आणि गाडी सुटायच्या आत तेवढंच विचारून होतं. या शहराला त्याची खरंच गरज होती.

'क्विक क्वेश्चन' अलीकडचं. 2000 नंतर मालाडच्या माइंडस्पेससारख्या ऑफिस संकुलांत कॉल सेंटरं वाढली, पोरापोरींकडून 'मे आय नो युअर नेम' वगैरे घोटून घेतलं जायचं, तेच वळण पुढे ईमेलात आणि व्हॉट्सॲपवर आलं. नुसतं 'हाय, क्विक क्वेश्चन' टाकून प्रश्नच न लिहिणं मला खटकतं, समोरचा ताटकळतो हो, पुढचं वाक्य पण त्यातच टाकावं.

लेडीज डब्यात मात्र सीट हवी असेल तर अजून 'काकी, कुठे उतरणार?' असंच विचारतात, घाटकोपर म्हटलं की लगेच 'मग मला द्या हां', तिथे एक्सक्यूज मी फारसं कोणी म्हणत नाही.