सार्वजनिक सुट्टी : ग्रामीण विदर्भ

शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेला आणि कार्यालये, बँका इत्यादी ज्या दिवशी बंद राहतात असा दिवस. या संज्ञेचा कायदेशीर आधार परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), १८८१ याच्या कलम २५ मध्ये आहे. वचनचिठ्ठी किंवा हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी भरली असे मानावे, एवढेच ते कलम सांगते. रविवार आणि अधिसूचित दिवस हे त्याच्या स्पष्टीकरणात येतात. देण्याघेण्याची तारीख ठरवणे हा त्यामागील हेतू असल्याने, दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या यादीमुळे शेतमजुराला भरपगारी सुट्टीचा हक्क मिळत नाही. ही गोष्ट अनेक लोकप्रिय लेखांत निसटते.

रविवारच्या सुट्टीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी ती मान्य केली, हे मत महाराष्ट्रात रूढ आहे. दुसरे मत शासकीय कार्यालयांतील जुन्या प्रघाताकडे बोट दाखवते, आणि १८८१ च्या उपरोक्त अधिनियमात रविवार आधीच सार्वजनिक सुट्टी म्हणून येतो, हे त्याला अनुकूल आहे. तथापि कार्यालय बंद असणे आणि कामगाराला विश्रांती मिळणे या निराळ्या बाबी असल्याने, कामगारांपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या केवळ बालकामगारांना. साप्ताहिक सुट्टीची सर्वसाधारण तरतूद १८९१ मध्ये आली. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, परंतु कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिनिंग व प्रेसिंगचे (सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे) कारखाने वेगळ्या प्रकारात मोडत, कारण १८८१ च्या कायद्याने वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते. भरपगारी रजेची तरतूद १९४५ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार कामगाराला वर्षात आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले असून उरलेले चार मालक व कामगार यांनी संमतीने ठरवायचे असतात. मूळ अधिनियमात ही तरतूद दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती होती; त्यामुळे तालुक्याच्या गावातील कृषी केंद्र किंवा किराणा दुकानावरील पोऱ्या सहसा तिच्या बाहेर राहतो. मतदानाच्या दिवशी मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ख नुसार रोजंदारीवरील व्यक्तीलाही पगारी सुट्टी देय आहे.

शेतीत निराळे पंचांग चालते. सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल बहुधा गुढीपाडव्याला ठरते, क्वचित अक्षय्य तृतीयेला. रोख रक्कम, धान्य आणि सणाच्या सवलती यांची बोली तोंडीच होते. गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याची रक्कम हिशेबात कापली जाते. खाडा न धरण्याच्या दिवसांत पोळा पहिला. श्रावण अमावास्येला बैलाच्या खांद्यावर जू येत नाही. आदल्या दिवशी खांदमळणी (बैलाचे खांदे चोळणे) होते आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाला आमंत्रण दिले जाते. गड्याला मात्र बैल धुणे, शिंगे रंगवणे, झूल चढवणे ही कामे असतातच. गावच्या वेशीवरील पोळ्याचे तोरण तुटल्यावर घरोघर बैल नेल्याबद्दल गड्याला ‘बोजारा’ (बक्षिसी) मिळतो. पोळा राज्याच्या सर्वसाधारण यादीत नाही. जिल्हाधिकारी आपल्या अधिकारातील स्थानिक सुट्ट्यांतून पोळ्याचा किंवा, नागपूरकडे, दुसऱ्या दिवशीच्या तान्हा पोळ्याचा (लहान मुलांच्या लाकडी बैलांचा) व मारबतीचा (पुतळ्यांच्या मिरवणुकीचा) दिवस जाहीर करतात. अशा सुट्ट्या बँकांना लागू नसतात.

रोजमजुरांविषयी लेखी साधने विरळ आहेत. निंदणाची मजुरी रोजाने, तर कापूस वेचणीची किलोवर; तेव्हा काम न केलेल्या दिवसाचे काही मिळत नाही. बाजाराच्या दिवशी हिशेब होतो, आणि पुष्कळ गावांत तोच निम्म्या दिवसाचा विसावा. रोजगार हमीच्या कामावर आठवड्यात सहापेक्षा अधिक दिवस काम नसावे असा दंडक आहे, सातवा दिवस बिनपगारी. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. ग्रामसेवक आणि ग्रामपंचायतीचा शिपाई मात्र वरील चारही ठरलेल्या तारखांना कामावर दिसतात, कारण ध्वजारोहण किंवा ग्रामसभा त्याच दिवशी घेण्याचा प्रघात आहे. १ मे हा दिवस गडचिरोलीत तेंदूपानांच्या हंगामात येतो. सत्तर पानांचा एक पुडा, अशा शंभर पुड्यांमागे मजुरी मिळत असल्याने त्या दिवशीही माणसे पहाटेच जंगलात गेलेली असतात आणि दुपारनंतर घरोघर पुडे बांधणे चालते.