दारूबंदीतील मद्यपानाची मोजदाद: पार्श्वभूमी

दारूविक्री गुन्हा ठरली की विक्रीचे आकडे आणि अबकारी खात्याचा महसूल, हे मद्यपान मोजण्याचे नेहमीचे दोन्ही आधार एकदमच नाहीसे होतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी असताना ही अडचण प्रथम मोठ्या प्रमाणावर जाणवली. क्लार्क वॉरबर्टन या अर्थशास्त्रज्ञाने १९३२ साली तीन आडमार्गांनी अंदाज बांधला: द्राक्षे, साखर यांसारख्या कच्च्या मालाचा खप, अतिमद्यपान व यकृताच्या सिरोसिसमुळे होणारे मृत्यू, आणि नशेत केलेल्या अटका. तिन्हींत खोट आहे, कारण साखर मिठाईतही जाते, सिरोसिस व्हायला अनेक वर्षे लागतात आणि अटका पोलिसांच्या उत्साहावर अवलंबून असतात. तरीही अशाच निर्देशकांवरून १९९१ साली मायरन आणि झ्वीबेल या अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष आजही विचारात घ्यावा लागतो: सुरुवातीला मद्यपान पूर्वीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आले आणि पुढे ६० ते ७० टक्क्यांपर्यंत चढले.

आपल्याकडे मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहाची फुले आणि सडका गूळ यांवरही नियंत्रण आणले. हातभट्टीचा माग कच्च्या मालावरून लागतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

अलीकडचा वाद बिहारचा आहे. तेथे एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी झाली. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २८.९ टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचे सांगितले होते; २०१९-२० मध्ये १५ वर्षांवरील पुरुषांत हे प्रमाण १५.५ टक्के आढळले. यावरून मद्यपान निम्म्यावर आले असे म्हणणे घाईचे आहे, कारण वयोगट वेगळे आहेत आणि देशभराचा आकडाही याच दोन फेऱ्यांत सुमारे २९ वरून १९ टक्क्यांच्या आसपास आला. शिवाय बिहारमध्ये तेव्हा पहिल्यांदा पिताना सापडल्यास ५० हजार रुपये दंड किंवा तीन महिने कैद होती. अशा वेळी दारात आलेल्या अनोळखी प्रगणकाला खरे कोण सांगणार? म्हणून १५.५ हा आकडा किमान मर्यादा समजणेच योग्य. त्याच फेरीत राज्यव्यापी दारूबंदी नसलेल्या महाराष्ट्राचे प्रमाण १३.९ टक्के होते. पण बिहारची सुरुवातच वरच्या पातळीवरून झाली असल्याने बंदी फसली, एवढेही त्यावरून सिद्ध होत नाही.

कबुलीवर विसंबू नये म्हणून आता सांडपाण्यातील इथिल सल्फेट मोजले जाते. मद्य प्यायल्यावर शरीरात तयार होणारा हा घटक लघवीवाटे बाहेर पडतो; मात्र बंदिस्त गटारे नसलेल्या खेड्यांत ही पद्धत लागू पडत नाही.