‘यू’ प्रमाणपत्र आणि मुलांना झेपणारी परीकथा

मे महिन्यात चाकरमान्यांची मुले मालवण-वेंगुर्ल्याकडे उतरली की दुपारच्या उन्हात त्यांना सिनेमा लावून देणे ओघानेच येते. राजपुत्र-राजकन्येची प्रेमकथा असली आणि वर ‘यू’ प्रमाणपत्र असले, की कोणी अधिक चौकशी करीत नाही. दरवर्षी होणारा हा घोळ आता थांबायला हवा.

प्रमाणपत्रांची माहिती बहुतेकांना आहेच. १९५२ च्या कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड ती देते. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या वर्गाचे, वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. थेट ओटीटीवर येणाऱ्या चित्रपटांवर मात्र २०२१ च्या नियमांनुसार त्या कंपन्याच वयोगट लिहितात.

‘यू’ म्हणजे चित्रपट सर्वांना दाखवण्यास हरकत नाही, एवढेच. तो मुलांसाठी काढला आहे, किंवा सहा वर्षांच्या मुलीला तो सोसवेल, अशी हमी त्यात नसते. आपण मात्र चुंबने मोजत बसतो. चुंबन आले की घाईने रिमोट शोधला जातो. आईचा मृत्यू आणि तळघरात कोंडलेली मुलगी मात्र सगळे शांतपणे पाहू देतात. माझ्या मते हे अगदी उलटे आहे. चुंबनाला मूल ‘शी’ म्हणून मोकळे होते. सावत्र आईने दाराला घातलेली कडी त्याला रात्री अंथरुणात आठवते.

आमची मुले जत्रेत दशावताराचे नाटक पाहतात आणि संकासुराला भीत नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तेथे मूल आजीच्या मांडीवर असते आणि राक्षस कोण हे त्याला प्रवेशापासूनच कळते. प्रेमाच्या परीकथेत छळणारे माणूस बहुधा घरातलेच असते, आणि कधी कधी तर खुद्द नायकच हट्टाने नायिकेच्या मागे लागलेला असतो.

डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७ च्या कथेत जलपरी राजपुत्रासाठी जीभ कापून देते आणि अखेर तिच्या देहाचा फेस होतो. अशा कथांवरचे चित्रपट शेवट गोड करतात, परंतु प्रेमासाठी मुलीने गप्प राहावे हा धागा पुष्कळदा तसाच उरतो. तेरा वर्षांची मुलगी त्यावर वाद घालील. सहा वर्षांची ते जगाची रीत म्हणून स्वीकारील. म्हणून चित्रपट आधी मोठ्यांनी पाहावा, निदान सुरुवात आणि शेवट तरी, आणि नायिकेला नाही म्हणता येते का व तिचे नाही ऐकले जाते का, हे तपासावे. तसे नसेल, तर वर ‘यू’ असले तरी सात वर्षांखालील मुलांना तो लावू नये.