तीन राजे, तेही उंटावरून?

सांगलीत शेजारच्या घरी नाताळचा गोठा मांडला होता. मातीचा बैल थेट खिलार, शिंगं मागं वळलेली. बाळ येशूशेजारी मुकुट घातलेले तीन राजे, दाराशी उंट. पोरानं विचारलं, "काका, हे त्याच रात्री पोचले?"

नाही पोचले. प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे या पाहुण्यांच्या भेटीच्या सणाला, मिस्सेत (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला २:१-१२ हा उतारा वाचतात. त्यात 'राजा' हा शब्द फक्त तिथल्या राज्यकर्त्या हेरोदासाठी आणि जन्मलेल्या बाळासाठी आहे. पूर्वेकडून आले ते मागी, म्हणजे तारे पाहणारे जाणकार. किती होते, ते मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद, गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन, हा हिशेब नंतर लोकांनी लावला. आणि ते आले 'घरात'. गव्हाणी आहे ती लूकच्या शुभवर्तमानात, मेंढपाळांच्या गोष्टीत. हेरोद तर दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो (मत्तयमधला हा पुढचा उतारा २८ डिसेंबरच्या मिस्सेत असतो), म्हणजे मध्ये बराच काळ गेलेला असू शकतो.

मग मुकुट आणि उंट आले कुठून? त्याच मिस्सेतून! पहिलं वाचन यशया संदेष्ट्याच्या जुन्या ग्रंथातला ६० वा अध्याय, त्यात उंटांचे तांडे सोनं आणि ऊद घेऊन येतात. पाठोपाठ बायबलमधलं स्तोत्र ७२, त्यात राजे नजराणे आणतात. शतकानुशतकं हे उतारे ऐकता ऐकता चित्रं एकात एक मिसळली. बैलसुद्धा लूकमध्ये नाही; तो यशयाच्या पहिल्या अध्यायातला, गाढवासकट.

पोरानं राजे उचलून खिडकीत ठेवले. "अजून वाटेत आहेत," म्हणाला. खिलार मात्र हलवू दिला नाही.