काचेसारखा साका: अमायलिन, चहा आणि हळद

१९०१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये युजीन ओपी हा तरुण डॉक्टर मधुमेहाने दगावलेल्यांचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. लँगरहान्सच्या बेटांमध्ये, म्हणजे स्वादुपिंडातल्या संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये, जिथे पेशी असायच्या तिथे, त्याला काचेसारखा एकजिनसी साका दिसला. पुढे १९२१ मध्ये इन्शुलिन सापडलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. साहजिकच होतं ते.

हा साका कशाचा, हे कळायला १९८७ उजाडलं. स्वीडनमधल्या पेर वेस्टरमार्क आणि ऑक्सफर्डमधल्या गार्थ कूपर यांच्या गटांनी त्यातलं प्रथिन ओळखलं. ३७ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी म्हणजे अमायलिन. इन्शुलिन बनवणाऱ्या बेटांमधल्या बीटा पेशींतूनच, इन्शुलिनसोबत ते बाहेर पडतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. टाइप २ मधुमेहात मात्र त्याच्या साखळ्या एकमेकींना चिकटून धागे बनतात. पेशींना खरा त्रास धाग्यांपेक्षा त्याआधीच्या बारीक पुंजक्यांचा होतो, असं आज बहुतेकजण मानतात.

गंमत उंदराची. त्याच्या अमायलिनमध्ये साखळीतल्या २५, २८ आणि २९ या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल बसलेलं असतं, त्यामुळे ते चिकटतच नाही. मांजराचं चिकटतं, आणि मांजराला मधुमेहही बराचसा आपल्यासारखाच होतो. २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं प्रामलिंटाइड हे मधुमेहाचं औषध म्हणजे तेच तीन प्रोलिन उसने घेतलेलं मानवी अमायलिन. आणि उंदराचं अमायलिन चिकटत नाही म्हणूनच साध्या उंदरावर या साक्याचं औषध तपासता येत नाही. मानवी जनुक घातलेला उंदीर लागतो.

वनस्पती या गोष्टीत अल्झायमरच्या वाटेने आल्या, कारण त्या आजारात मेंदूतही प्रथिनांचे असेच धागे बनतात. हिरव्या चहातलं ईजीसीजी हे रसायन मेंदूतल्या प्रथिनांना धाग्यांऐवजी निरुपद्रवी गोळ्यांकडे वळवतं, हे २००८ मध्ये बर्लिनमध्ये दिसलं. २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात अमायलिनचे धागेही त्याने रोखले. द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल आणि हळदीतलं करक्युमिन यांचीही परीक्षा त्याच सुमारास झाली. सगळं परीक्षानळीत किंवा पेशींवर. साका रोखणारं म्हणून मान्यता मिळालेलं वनस्पतिजन्य औषध अजून एकही नाही.

करक्युमिनबाबत तर मला जरा जास्तच सावध राहावंसं वाटतं. ते पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. शिवाय धागे मोजायला थायोफ्लेविन टी हा रंग वापरतात. धागे वाढले की तो चमकतो. करक्युमिन स्वतःच पिवळंधमक, त्याच पट्ट्यातला प्रकाश गिळणारं. चमक घटली ती धागे घटल्याने की हळदीच्या रंगाने? म्हणून तोच थेंब मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून धागे खरोखरच नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहावं लागतं.